नुसतं विचित्र असून भागत नाही

आवडत्या दिग्दर्शकाचा फसलेला सिनेमा फार छळतो. कुठल्याही सोम्यागोम्याचा सिनेमा वाईट निघाला तर आपण तिकिटाच्या पैशांवरून दोन शिव्या घालतो आणि पार्किंगपर्यंत पोचेस्तोवर सगळं विसरूनही जातो. पण ज्याची आधीची कामं आपण मित्रांना धरून धरून दाखवलेली असतात, त्याचा सिनेमा घसरला की डोक्यात किडा वळवळत राहतो. याला हे दिसलं नसेल का? एडिटिंगच्या वेळी कोणीच काही बोललं नसेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी नक्की कुठल्या वळणावर चुकली?

माझ्यासाठी असा सिनेमा म्हणजे सचिन कुंडलकरचा 'अय्या'.

१२ ऑक्टोबर २०१२ ला हा सिनेमा आला तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे तेव्हा तो टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत बघितला गेला. पुढे इंजिनियरिंगला असताना कुंडलकरचा 'गंध' पाहिला आणि थक्क झालो. मग 'अय्या' नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. गेल्या आठवड्यात परत एकदा बघितला, सलग, मधे मोबाईल हातात न घेता. अडीच तासांच्या आसपास आहे, तेव्हा ही काही छोटी कामगिरी नाही! आणि आता मला वाटतं की हा सिनेमा का फसला ते आपल्याला बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. 'बोअर आहे' किंवा 'डोक्यावरून गेला' एवढ्यावर सोडून देण्यासारखा तो नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. कुंडलकरचा 'रेस्टॉरंट' आला २००६ मध्ये. त्याच वर्षी त्याची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरीही आली. एकाच घरातले भाऊ आणि बहीण, दोघंही घरात राहायला आलेल्या एकाच मुलाच्या प्रेमात पडतात, अशी ती गोष्ट. मध्यमवर्गीय घर, दारात चपलांचा स्टँड, आत सगळं कसं सुरळीत, आणि त्या सुरळीतपणाच्या खाली हे सगळं धुमसतंय. नंतर 'निरोप' (२००७) ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 'गंध'च्या पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थोडक्यात काय, तर हा माणूस पहिल्या हिंदी सिनेमाकडे गेला तो भरपूर अपेक्षा पाठीवर घेऊन. निर्मात्यांमध्ये अनुराग कश्यप, नायिका राणी मुखर्जी, संगीत अमित त्रिवेदीचं. कागदावर बघितलं तर यात नाव ठेवायला जागाच नाही.

गोष्ट साधी आहे. पुण्यातली मीनाक्षी देशपांडे. सिनेमावेडी. डोळे मिटले की ती स्वतःला माधुरी, श्रीदेवी, जुही समजून नाचायला लागते. घरी लग्नाची घाई. ती एका आर्ट कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला लागते आणि तिथल्या सूर्या नावाच्या तमिळ विद्यार्थ्याच्या प्रेमात पडते. त्याच्या दिसण्याच्या आधी, बोलण्याच्या आधी (तो तसाही फारसा बोलत नाही), त्याच्या अंगाच्या वासाच्या प्रेमात पडते. दुसरीकडे घरच्यांनी माधव राजाध्यक्ष नावाचं एक सज्जन स्थळ पक्कं करत आणलंय. शेवटी वासाचं गूढ अगरबत्तीच्या कारखान्यात उकलतं आणि सगळं गोड होतं.

आधी चांगलं काय ते सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. हिंदी सिनेमाने इतकी वर्षं बाईला निरखून बघितलं. इथे कॅमेरा एका पुरुषाला निरखून बघतो आणि बघणारी एक सरळसाधी, नोकरी करणारी, आईचा ओरडा खाणारी मुलगी आहे. पृथ्वीराजचा हा पहिला हिंदी सिनेमा. आपल्याकडे हिरोईनला जे काम देतात, म्हणजे शांत उभं राहणं आणि सुंदर दिसणं, ते काम इथे त्याला दिलंय! 'ड्रीमम वेकपम' गाण्यावर आजही लोक रील करतात, ते उगाच नाही. त्या गाण्यात राणी जी मजा करते आहे ती शंभर टक्के खरी आहे. मुलीला इच्छा असते, ती इच्छा शरीराची असते, आणि त्याबद्दल सिनेमा तिला कुठलीही शिक्षा करत नाही. २०१२ सालच्या मोठ्या हिंदी सिनेमासाठी ही मोठी गोष्ट होती.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते घरात.

मीनाक्षीचं घर हे 'विक्षिप्त कुटुंब' आहे. वडील एका वेळी तीन-चार सिगरेटी तोंडात धरून ओढतात. भाऊ नाना, कुत्र्यांच्या मागे वेडा. आजी आंधळी, व्हीलचेअरवर, आणि तोंडात सोन्याचे दात. आई सदैव लग्न लग्न करत किंचाळणारी. ऑफिसात मैना नावाची सहकारी, तिचे कपडे म्हणजे प्रत्येक सीनला एक नवीन फॅन्सी ड्रेस स्पर्धा. आणि ही कामं करणारी माणसं बघा: सतीश आळेकर, अमेय वाघ, ज्योती सुभाष, निर्मिती सावंत, अनिता दाते. एवढी तगडी फौज हाताशी असताना मला पहिल्या वीस मिनिटांनंतर त्या घरात परत जायचा कंटाळा यायला लागला. असं का व्हावं?

कारण त्या घरातला प्रत्येक माणूस म्हणजे एक नाव आणि त्याच्यापुढे एक विचित्र सवय. बाबा: सिगरेटी. नाना: कुत्री. आजी: दात. जणू कोणीतरी एक्सेलची शीट उघडून एका कॉलममध्ये पात्रं लिहिली, दुसऱ्यात खुळं लिहिली, आणि दोन कॉलम जोडून टाकले. बाबांच्या सिगरेटी काढून आजीला दिल्या आणि आजीचे सोन्याचे दात नानाला बसवले तर गोष्टीत काय फरक पडेल? जवळजवळ काहीच नाही. जी गोष्ट बदलून काहीच फरक पडत नाही ती गोष्ट तिथे मुळात नसतेच, हे आमच्या धंद्यातलं साधं तत्त्व आहे. कोडमध्ये असे भाग असतात. लिहिलेले असतात, दिसतात, पण त्यांना कोणीच कधी बोलावत नाही. ते काढून टाकले तरी प्रोग्रॅम तसाच चालतो.

इथे लगेच एक उत्तर येतं, आणि मी ते मित्रांकडून बऱ्याचदा ऐकलंय. 'अरे, अ‍ॅब्सर्ड सिनेमा आहे तो! त्यात कसलं लॉजिक शोधतोस? इंजिनियर लोकांनी असले सिनेमे बघूच नयेत.' शेवटचा टोमणा मी नम्रपणे स्वीकारतो. :) पण मुद्दा मान्य नाही. अ‍ॅब्सर्ड म्हणजे लॉजिक नसणं नव्हे. उलट मी तर म्हणेन, अ‍ॅब्सर्ड गोष्टीला साध्या गोष्टीपेक्षा जास्त कडक लॉजिक लागतं. फक्त ते एका वेड्या गृहीतकापासून सुरू होतं. भूमितीत कसं, एखादं गृहीतक बदललं की वेगळीच भूमिती तयार होते, पण त्या भूमितीतही पुढची प्रत्येक पायरी सिद्ध करावीच लागते. तसंच हे. पहिली ओळ वेडी असू द्या. त्यानंतरची प्रत्येक ओळ मात्र पहिलीतून निघाली पाहिजे. ती नाही निघाली तर त्याला अ‍ॅब्सर्ड म्हणत नाहीत, रँडम म्हणतात. आणि रँडम गोष्ट फार लवकर कंटाळवाणी होते, कारण पुढे काहीही होऊ शकतं म्हटल्यावर पुढे काय होईल याची उत्सुकताच संपते.

उदाहरण म्हणून आपल्या सगळ्यांचा पाठ असलेला सिनेमा घ्या. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). तो काही अ‍ॅब्सर्ड नाही, धमाल फार्स आहे, पण यंत्र तेच. गृहीतक एकच: पुण्यात जागा हवी आहे आणि मालकीणबाई फक्त जोडप्यांनाच खोली देतात. बास. यातून दोन पुरुष साड्या नेसतात, आणि एकदा साड्या नेसल्यावर पुढचा प्रत्येक गोंधळ अपरिहार्य होतो. सत्तर रुपये कशाचे वारले याचा हिशेब आजही लोक घालतात तो त्यामुळेच. किंवा 'वळू' (२००८) घ्या. गावात एक मोकाट वळू आहे आणि त्याला पकडायला वनखात्याचा अधिकारी येतो. एवढंच. त्या एका बैलाभोवती अख्खं गाव आपापल्या स्वभावानुसार वेडं होतं. सरपंच सरपंचासारखा, भटजी भटजीसारखा. कोणाला बाहेरून वेड चिकटवायची गरज पडत नाही.

आणि गंमत (खरं तर दुःख) अशी की मराठीत ज्या माणसाने हे यंत्र सगळ्यात पक्कं बांधून दाखवलं तो माणूस 'अय्या'च्या सेटवर हजर होता. मीनाक्षीच्या वडिलांचं काम करणारे सतीश आळेकर म्हणजे १९७४ सालच्या 'महानिर्वाण'चे लेखक! 'महानिर्वाण'मध्ये भाऊराव मरतात आणि मेल्यावर स्वतःच कीर्तनकार होऊन स्वतःच्या मरणाचं आख्यान लावतात. त्यांचा हट्ट एकच: जाळायचं तर जुन्याच स्मशानात. मेलेला माणूस बोलतो, हे वेडं गृहीतक. बाकी सगळं आपल्या चाळीतलं, जसंच्या तसं. शेजारी जसे बोलतात तसेच बोलतात, बायको जशी रडते तशीच रडते आणि रडता रडता तिचं मन भलतीकडे जातं, मुलगा बिचारा धावपळ करत राहतो. (या मुलाचं नावही नानाच. योगायोग असेल, किंवा कुंडलकरने घातलेला नमस्कार असेल.) आपण पोट धरून हसतो आणि मग लक्षात येतं की मेलेल्या माणसापेक्षा जिवंत माणसांचे विधी जास्त विचित्र आहेत. म्हणजे वेड बाहेरून आणलेलं नाही, आपल्या रीतिरिवाजांत ते होतंच, आळेकरांनी त्याच्यावरचं झाकण फक्त उघडलं. हे ज्यांनी लिहिलं त्यांना तुम्ही सिनेमात घेता आणि त्यांच्या तोंडात चार सिगरेटी देता. च्यायला, याला काय म्हणावं?

पण मला खरी चुटपूट लागून राहिली ती वेगळ्याच गोष्टीची. ही तीन वेडं परत एकदा नीट बघा. हा सिनेमा कशाबद्दल आहे? वासाबद्दल. एका मुलीच्या नाकाबद्दल. आणि तिच्या घरात कोण कोण आहे? एक आंधळी आजी. म्हणजे घरातली एकुलती एक व्यक्ती, जिला माणसं डोळ्यांनी ओळखताच येत नाहीत, जिने कित्येक वर्षं नाकाने आणि कानाने घर चालत असताना अनुभवलं असेल. एक वडील, ज्यांनी घरभर सिगरेटचा धूर करून ठेवलाय, म्हणजे ज्या घरात दुसरा कुठला वास टिकूच शकत नाही. आणि एक भाऊ, ज्याचं अख्खं आयुष्य कुत्र्यांमध्ये जातं, म्हणजे अशा प्राण्यांमध्ये, जे जगाची ओळख नाकाने करून घेतात! सगळं सामान ओट्यावर मांडून ठेवलेलं आहे हो. फोडणी द्यायचीच राहिली.

विचार करा. त्या आंधळ्या आजीला घरात सगळ्यात आधी कळलं असतं की आपली नात कोणाच्या तरी मागे वेडी झालीय, कारण ती संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या ओढणीला परका वास असतो. आई-बाप फोटो, पत्रिका, पगार बघत बसलेत आणि घरातली आंधळी म्हातारी एकटीच खरं काय ते 'बघते' आहे. धुराने भरलेल्या घरात वाढलेल्या मुलीला बाहेरचा एक स्वच्छ वास पहिल्यांदा लागल्यावर ती का वेडी होणार नाही? आणि आपली बहीण वासाच्या मागे शहरभर फिरते आहे हे नानाला अजिबात विचित्र वाटलं नसतं, कारण त्याच्या ओळखीतले सगळे तेच करतात. आता बाबांच्या सिगरेटी आजीला देऊन बघा, चालणारच नाही. प्रत्येक वेड आपापल्या जागी घट्ट बसलं असतं. कदाचित लिहिताना हे कुंडलकरच्या डोक्यात असेलही. पण मला पडद्यावर दिसली ती हसून सोन्याचे दात दाखवणारी आजी.

बरं, हे त्याला जमत नव्हतं असंही नाही. 'अय्या' ही मुळात 'गंध' (२००९) मधल्या पहिल्या गोष्टीचीच वाढवलेली आवृत्ती आहे. 'गंध'मध्ये तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींना जोडणारा धागा वासाचा. पहिली 'लग्नाच्या वयाची मुलगी'. अमृता सुभाष आणि गिरीश कुलकर्णी. तेच आर्ट कॉलेज, तीच नोकरी करणारी मुलगी, तेच वासामागे जाणं. तिसरी 'बाजूला बसलेली बाई' तर मला आजही अंगावर काटा आणते. पावसातलं कोकण, घरात बाळंतपण चाललेलं, आणि पाळी आली म्हणून चार दिवस बाजूला बसलेली नीना कुलकर्णी. आत जाता येत नाही, हात लावता येत नाही. वासाला मात्र कोणी अडवू शकत नाही, तो तिच्यापर्यंत येतोच. सिनेमात वास दाखवता येत नाही, ही खरं म्हणजे केवढी मोठी अडचण! कुंडलकरने तिथे शांतता ठेवली. आपल्याला त्या बायकांच्या चेहऱ्यांकडे बघायला वेळ दिला, आणि आपलं नाक आपोआप काम करायला लागलं.

'अय्या'मध्ये तीच अडचण ढोल वाजवून सोडवायचा प्रयत्न आहे. वास आला की गाणं, वास गेला की किंचाळणं. तीनपैकी एका गोष्टीचा जीव ताणून अख्ख्या सिनेमाएवढा करायचा म्हटल्यावर मधली जागा भरावी लागते, आणि ती भरली खुळांनी. क्लायंटने दोन पानांचं काम दिलं आणि सेल्सवाल्यांनी ते वीस पानांचं म्हणून विकलं की आम्ही जे करतो तेच. रंगीत बटणं वाढवतो.

त्याच महिन्यातली अजून एक गोष्ट. 'अय्या'च्या बरोबर एक आठवडा आधी, ५ ऑक्टोबर २०१२ ला गौरी शिंदेचा 'इंग्लिश विंग्लिश' लागला होता. म्हणजे एकाच मल्टिप्लेक्समध्ये एका पडद्यावर पुण्याची मीनाक्षी देशपांडे आपण श्रीदेवी असल्याची स्वप्नं बघत होती आणि शेजारच्या पडद्यावर खुद्द श्रीदेवी पुण्याची शशी गोडबोले होऊन लाडू वळत होती! हिंदी सिनेमात मराठी बाई म्हणजे बहुतेक वेळा मोलकरीण, नाहीतर नऊवारीतली नाचणारी. असं असताना एकाच पंधरवड्यात दोन मध्यमवर्गीय पुणेरी बायका थेट नायिका म्हणून आल्या. शशीचं घर अगदी साधं, त्यात कोणी चार सिगरेटी ओढत नाही. पण स्वतःच्या मुलीला आईच्या इंग्रजीची लाज वाटते, हे इतकं भयंकर आणि इतकं ओळखीचं आहे की आपण खुर्चीत चुळबुळतो. मीनाक्षीच्या घरात एवढा कल्ला आहे, पण एकाही क्षणी 'अरे, हे तर आपल्याकडे होतं' असं मला वाटलं नाही. बाहेरच्याला मराठी घर म्हणजे आरडाओरडा करणारी सर्कस वाटली, तर त्याला आपण नावं ठेवतो. पण इथे तर दिग्दर्शक घरातलाच होता.

तुम्ही म्हणाल, एका जुन्या पडलेल्या सिनेमावर एवढं का लिहितोयस? सांगतो. कारण या सिनेमाच्या हातात जी गोष्ट होती ती अजून शिळी झालेली नाही.

आपल्याकडे 'मुलगी बघायला' जातात. शब्दच बघा ना. बघायला. माझ्या मामेबहिणीचे असे कार्यक्रम मी जवळून बघितलेत. ती माझ्यापेक्षा हुशार, पगार समोरच्या बऱ्याच मुलांपेक्षा जास्त, तरी एका काकूंनी 'जरा खिडकीपाशी उभी राहतेस का, उजेडात' असं म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. पोह्यांची बशी हातात घेऊन ती उजेडात उभी राहिली. कोणाला काही वावगं वाटलं नाही. आता तर हे सगळं मोबाईलवर आलंय. उंची, वर्ण, पॅकेज, गोत्र, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही, सगळ्याला फिल्टर. मी बनवणाऱ्यांच्या जातीतला आहे, त्यामुळे सांगतो: जे मोजता येतं त्यालाच फिल्टर लावता येतो. 'या माणसाच्या शेजारी बसल्यावर बरं वाटतं का?' याचा कॉलम कुठल्याही डेटाबेसमध्ये नसतो.

या सगळ्या 'बघण्या'च्या विरोधात एक मुलगी उठते आणि डोळ्यांना बाजूला सारून नाकाने नवरा निवडते. काय जबरदस्त कल्पना आहे ही! यापेक्षा वेडं, यापेक्षा बंडखोर आणि तरीही यापेक्षा साधं दुसरं काय असू शकतं? इथे अ‍ॅब्सर्ड शोधायला वेगळीकडे जायची गरजच नव्हती. शहाणीसुरती, शिकलेली माणसं एका मुलीला खिडकीपाशी उभी करून उजेडात तपासतात, यापेक्षा अ‍ॅब्सर्ड काय असतं? आळेकरांनी मरणाच्या विधीचं झाकण उघडलं, तसं इथे पोह्यांच्या बशीवरचं झाकण उघडायचं होतं. घर अगदी नॉर्मल ठेवायचं. बाबा पेपर वाचणारे, आई रव्याचे लाडू करणारी. मग मुलगी वास घेत फिरते हे वेडं दिसलं असतं, आणि हळूहळू कळलं असतं की वेडी ती नाहीच, बाकीचे आहेत. पण तुम्ही सगळ्या घरालाच वेडं करून टाकलंत तर मीनाक्षी त्यातली आणखी एक खुळी होते. आजी दातांची, बाबा सिगरेटींचे, नाना कुत्र्यांचा, मीना वासाची. तिचं बंड, तिची इच्छा, सगळं त्याच एक्सेलच्या शीटमधली चौथी ओळ होऊन बसतं. माझ्या मते सिनेमाचं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे.

माधवचंही तसंच. सुबोध भावेने तो इतका छान केलाय की वाईट वाटतं. हा माणूस व्हिलन नाही. शांत आहे, फारुख शेख-दीप्ती नवलच्या सिनेमांवर प्रेम करतो, बायकोचं मत विचारणारा आहे. म्हणजे अगदी 'चांगलं स्थळ'. चांगल्या स्थळाला नाही म्हणणं हे वाईट स्थळाला नाही म्हणण्यापेक्षा हजारपट अवघड असतं, हे कुठल्याही लग्नाच्या वयाच्या मुलीला विचारा. 'काय वाईट आहे त्याच्यात?' या प्रश्नाला 'त्याचा वास' हे उत्तर देता येत नाही. या एका पेचावर अख्खा उत्तरार्ध उभा राहिला असता. पण साखरपुड्याच्या गोंधळात माधव आपला बाजूला राहून जातो आणि आपल्याला त्याच्याबद्दल वाईट वाटायलाही सवड मिळत नाही.

कुंडलकरला हे सगळं येतं, याचा पुरावा नंतर त्यानेच दिला. 'राजवाडे अँड सन्स' (२०१५) मध्ये परत पुणं, परत मोठं कुटुंब, आणि परत घरातले वडीलधारे म्हणून सतीश आळेकरच! पण इथे त्यांच्या तोंडात सिगरेटींचा जुडगा नाही. इथे त्यांच्या हातात घराच्या चाव्या आहेत. सगळ्यांचा पैसा, सगळ्यांचे निर्णय एका माणसाच्या होकारावर अडकलेले. कोणी काही वेडंवाकडं करत नाही आणि तरी ते घर 'अय्या'मधल्या घरापेक्षा कितीतरी जास्त विचित्र वाटतं. 'गुलाबजाम' (२०१८) मधली सोनाली कुलकर्णीची राधा घ्या. तुसडी, विक्षिप्त, दारात आलेल्याला हाकलून देणारी. पण तिच्या विक्षिप्तपणाला कारण आहे. तिच्या आयुष्यातली कित्येक वर्षं कोमात गेलीत, आणि जग पुढे निघून गेलंय. ते कळल्यावर तिचं आधीचं सगळं वागणं आपण मनातल्या मनात परत वाचतो. शिवाय त्या सिनेमात स्वयंपाकघराचा वास अक्षरशः पडद्यातून येतो. म्हणजे वासाचा हा दिग्दर्शक शेवटी आपल्या नाकाकडे परत आला म्हणायचा.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. 'प्रयोग केला ना, मग कौतुक करा' हे मला पटत नाही. प्रयोग आमच्याकडेही होतात. प्रयोग फसला की आम्ही का फसला ते बघतो, कारण त्यातूनच पुढचा प्रयोग नीट होतो. विचित्रपणा हा काही मिठासारखा वरून भुरभुरायचा पदार्थ नाही. तो आतून शिजून यावा लागतो. आणि आपल्या घरांमध्ये तो इतका ठासून भरलेला आहे की त्यासाठी कोणाला सोन्याचे दात बसवायची गरज नाही.

असो. 'अय्या' बघायचा असेल तर गाण्यांसाठी आणि राणीसाठी बघा, वेळ अगदीच वाया जाणार नाही. 'गंध' मात्र बघाच. आणि दोन्ही पाठोपाठ बघितलेत तर 'अय्या'मधल्या त्या आंधळ्या आजीकडे जरा लक्ष ठेवा. मला अजूनही वाटतं, त्या घरात काय चाललंय हे फक्त तिला एकटीला कळलं होतं. तिला कोणी विचारलंच नाही.